मिस्त्री आल्यानंतरची चार पानं

त्या दिवशी सकाळी सव्वाअकराला फोन वाजला तेव्हा मी एका अकरा मजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीन रूममध्ये होतो. ब्रेकचं झाकण काढलेलं, दोन्ही हात ग्रीसनं माखलेले. फोन कंट्रोलचा होता. कोपरानं बटण दाबून मी नेहमीसारखं म्हणालो, "बोला कंट्रोल." पलीकडून दुसऱ्याच बाईचा आवाज आला. ती नुसतं "मिस्त्री" म्हणाली आणि थांबली. बावीस वर्षं दिवसपाळीला त्या नंबरवरून मला एकच आवाज यायचा. तो आला नाही तेव्हाच मला कळलं.

कंट्रोल म्हणजे माझी बायको. आमच्या लिफ्ट कंपनीच्या तक्रार कक्षात ती फोनवर बसायची. लिफ्ट अडकली की आतला माणूस लाल बटण दाबतो आणि फोन तक्रार कक्षात लागतो. मग जो मेकॅनिक जवळ असेल त्याला ती पाठवायची. सगळे मेकॅनिक तिला कंट्रोल म्हणायचे. मीही लग्नाच्या आधीपासून तेच म्हणायचो आणि पुढे घरातही तेच राहिलं. ती मला मिस्त्री म्हणायची. त्या सकाळी ती चहा घ्यायला उठली आणि लगेच परत खुर्चीत बसली, असं शेजारच्या टेबलवरच्या ऑपरेटरनं सांगितलं. डोक्यातली नस फुटली होती. मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं.

पोचायला मला उशीरही झाला. फोन ठेवल्यावर मी आधी ब्रेकचं झाकण बसवलं, चारही स्क्रू आवळले, लिफ्ट एकदा खाली-वर करून बघितली आणि मगच निघालो. मुलगी त्यावरून मला अजून बोलते. पण लिफ्ट तशी उघडी टाकून जाता येत नाही.

तिचा फोन मी बंद केला नाही. माझ्या फोनबरोबर तोही रोज चार्जिंगला लावायचो. तीन महिन्यांनी त्यावर एक मेल आली. 'तुमच्या पटकथेची नोंद एकवीस दिवसांत संपत आहे. सुरू ठेवायची असल्यास खाली दाबा.' मला वाटलं, फसवणूक असणार. तुम्हाला बक्षीस लागलंय, खाली दाबा, असल्यातलाच प्रकार. मी काही दाबलं नाही. रविवारी मुलगी आली तेव्हा तिला दाखवलं.

ती बराच वेळ फोनमध्ये डोकं घालून बसली.

"बाबा, आईनं पटकथा लिहिली होती?"

"कसली कथा?"

"पटकथा. सिनेमाची."

"तुझी आई सिनेमा लागला की झोपायची."

"झोपायची नाही, डोळे मिटून ऐकायची. झोपायचात तुम्ही."

मग तिनं मला शेजारी बसवून सगळं समजावलं. ज्यांना पटकथा विकायची आहे त्यांच्यासाठी इंटरनेटवर अशा जागा असतात. लिहिणाऱ्यानं आपलं नाव, गोष्ट कुठल्या प्रकारची, पानं किती हे लिहायचं. मग सगळी गोष्ट एका वाक्यात सांगायची. त्याखाली एक पानभर सारांश. सिनेमा काढणारी माणसं तिथं नाव नोंदवून ही वाक्यं वाचत जातात. एखाद्याला पुढं वाचावंसं वाटलं तर तो विनंती पाठवतो. लिहिणाऱ्यानं परवानगीचं बटण दाबलं की पूर्ण पटकथा त्याच्यासमोर उघडते. आमच्या घरी कॉम्प्युटर नाही. हिनं हे सगळं तक्रार कक्षातल्या कॉम्प्युटरवर केलं होतं, दोन फोनांच्या मध्ये. अशा दोन जागांवर तिनं पटकथा लावली होती, एक चार वर्षांपूर्वी आणि दुसरी दीड वर्षापूर्वी. मला एका शब्दानं बोलली नव्हती.

"राग आला का?" मुलीनं विचारलं.

राग कसला येणार? मी त्या वाक्याकडे बघत होतो. पटकथेचं नाव 'दार उघडेपर्यंत' आणि खाली एक वाक्य: 'दार उघडेपर्यंत फोन ठेवायचा नाही, एवढा एकच नियम पाळणाऱ्या बाईला एक दिवस असा माणूस भेटतो, ज्याला लिफ्टमधून बाहेरच यायचं नाही.'

दीड वर्षापूर्वीच्या त्या जागेवर या वाक्याची जुनी रूपंही जपून ठेवलेली होती. मुलीनं मोजली, एकेचाळीस. पहिलं होतं, 'लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी एक बाई बोलत राहते.' सतरावं होतं, 'एक बाई, एक बंद लिफ्ट आणि वाटेत असलेला मिस्त्री.' तिसाव्याच्या आसपास मिस्त्री गेला, नंतर आला, परत गेला. मुलीला हसू आलं. "तुम्हाला काढलं बघा आईनं." मला हसू आलं नाही. लिफ्टचा तळ आणि मजल्याची फरशी एका पातळीत यावी लागते. नखभर फरक राहिला तरी म्हातारं माणूस ठेचकाळतं. ते जुळवताना मी कधी कधी अर्धा दिवस एकाच मजल्यावर घालवतो आणि खाली उभा असलेला वॉचमन विचारतो, अजून झालं नाही का? तीन मिलिमीटरसाठी हा माणूस काय करतोय, हे त्याला कळत नाही. माझी बायको घरात माझ्यासमोर भाजी निवडत होती आणि दिवसा तिकडे तीन मिलिमीटर जुळवत होती, हे मलाही कधी कळलं नाही.

तिचं वाक्य अकराशेच्या वर लोकांनी वाचलं होतं. कोण कुठून वाचतंय तेही तिथं दिसतं. त्यातल्या निम्म्या गावांची नावं मला उच्चारता येईनात. त्यातल्या कोणी आमच्या इमारती पाहिल्या नव्हत्या, तिला पाहिलं नव्हतं, पण अडकलेल्या माणसाशी ती बोलत राहते एवढं त्यांना ठाऊक होतं. एकोणीस जणांनी पूर्ण पटकथा मागून वाचली होती. विसावी विनंती तशीच पडून होती. एका दिग्दर्शिकेची. तारीख बघितली तर ही गेल्यानंतर अकरा दिवसांची.

मुलीनं पटकथा छापून आणली. चौऱ्याण्णव पानं. मी सुट्टी टाकून दोन दिवस जेवणाच्या टेबलावर बसून वाचली. मी काही वाचणारा माणूस नाही. पेपर वाचतो तोही मागच्या पानापासून. पण त्या दोन दिवसांत मी दारावरची बेल वाजली तरी उठलो नाही.

गोष्ट साधी आहे. एक माणूस सात आणि आठ मजल्यांच्या मध्ये अडकतो. बटण दाबतो, पण चुकून, टेकताना हात लागून. ती म्हणते, घाबरू नका, मिस्त्री निघालाय. तो म्हणतो, पाठवू नका, मला इथं बरं वाटतंय. मग दीड तास दोघं बोलतात. तो घरी का जात नाही, ते हळूहळू कळत जातं. ती एकदाही उपदेश करत नाही. मिस्त्री रहदारीत अडकलेला असतो, अधूनमधून त्याचा फोन येतो. त्याच्या वाट्याला सगळी मिळून अकरा वाक्यं आहेत.

एक्क्याऐंशीव्या पानावर तो मिस्त्री पोचतो आणि दारावर तीनदा वाजवतो. दोन भरभर, एक थांबून. मग म्हणतो, "मी आलोय. दाराला टेकू नका. काही गडबड नाही."

मी पान खाली ठेवलं. असंच वाजवतो मी. असंच म्हणतो. पण हे मी तिला कधीही सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे? आमच्याबरोबर दुसरा मेकॅनिक नसतो, दाराबाहेर मी एकटा असतो. मग हिला कसं कळलं?

मग लक्षात आलं. दार उघडेपर्यंत फोन ठेवायचा नाही, हा तिचा नियम होता. म्हणजे लिफ्टमधला फोन चालू असायचा आणि पलीकडे ती असायची. मी प्रत्येक वेळी दारावर वाजवलं ते आतल्या माणसानं ऐकलं आणि त्याच्या मागून तिनंही ऐकलं. बावीस वर्षं. सकाळी माझ्याशी भांडून मला पाठवलं असेल तेव्हाही. मुलीच्या दहावीचा निकाल होता त्या दिवशीही. मी घामाघूम होऊन परक्या माणसाला म्हणत होतो मी आलोय, आणि ते ती ऐकत होती. संध्याकाळी घरी आल्यावर विचारायची, "आज किती अडकले हो?" मी आकडा सांगायचो. तिला तो माझ्याआधी ठाऊक असायचा.

त्यानंतर कितीतरी दिवस दारावर वाजवताना माझा हात थांबायचा.

मुलीनं आणि मी मिळून नोंद पुढं चालू ठेवली आणि दिग्दर्शिकेच्या विनंतीवर परवानगीचं बटण दाबलं. आता वाट बघायची होती. वाट बघताना मी पटकथा परत वाचली आणि तेव्हा मला चूक दिसली. त्याच एक्क्याऐंशीव्या पानावर मिस्त्री वाजवतो, बोलतो आणि किल्ली लावून सरळ दार उघडतो.

असं करत नाहीत. आतला माणूस आहे ना, हे बघायला आधी दारावर वाजवायचं, आवाज द्यायचा. मग जिन्यानं वर मशीन रूममध्ये जायचं, मेन स्विच बंद करायचा, त्याला कुलूप लावायचं, खाली यायचं आणि मग किल्ली लावायची. नाहीतर दार उघडताना लिफ्ट हलू शकते. माणूस अर्धा आत, अर्धा बाहेर असताना लिफ्ट हलली तर काय होतं, ते मी एकदा बघितलंय. सिनेमा बघून उद्या एखादा पोरगेला मेकॅनिक तसंच करेल. आणि जुने मेकॅनिक हसतील, म्हणतील, कंट्रोलला एवढंही ठाऊक नव्हतं. ते मला सहन होणार नव्हतं.

मुलीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसून मी सीन दुरुस्त केला. 'मिस्त्री वर जातो, मेन स्विच बंद करतो, कुलूप लावतो, खाली येतो. आतला दिवा वेगळ्या लाइनवर असल्यानं चालू राहतो. याला सात मिनिटं लागतात. इमारतीचा जिना अरुंद असेल तर नऊ.' पटकथा पंचाण्णव पानांची झाली. मग ती दोन्ही जागांवर चढवली. जुन्या जागेवर पानं अठ्ठ्याण्णव लिहिलेली दिसली. म्हटलं, घाईत आकडा चुकला असेल, तोही नीट केला. तिथं 'आधीची प्रत काढून टाकायची का?' असं विचारलं, तर मी 'हो' दाबलं. नव्या जागेनं तसं काही विचारलं नाही. आमच्याकडे हीच रीत आहे. वायरिंगचं नवं ड्रॉइंग आलं की जुनं तिथल्या तिथं फाडायचं. दोन ड्रॉइंगं राहिली की कोणीतरी चुकीच्या ड्रॉइंगवरून काम करतो आणि शॉक खातो.

तीन आठवड्यांनी दिग्दर्शिकेचा फोन आला. हिच्याच फोनवर.

"नमस्कार. लेखिकेशी बोलायचं होतं."

"ती नाहीये."

"कधी फोन करू मग?"

ओळखीच्या सगळ्यांना ते दुसऱ्या कोणीतरी सांगितलं होतं. परक्या माणसाला मी स्वतः सांगायची ही पहिलीच वेळ. "ती गेली. चार महिने होत आले."

मग ती हळू म्हणाली, "आणि तुम्ही?"

"मी तिचा नवरा. लिफ्ट मेकॅनिक आहे."

"म्हणजे... त्यातले मिस्त्री?"

"तसंच दिसतंय."

"अहो काका, माझ्या अंगावर काटा आला." मग म्हणाली, "पण मला दोन प्रती दिसतायत. दुसरी आत्ताची आहे. ती कोणी लिहिली?"

शाळेत पकडल्यासारखं झालं मला. "मी. पण लिहिलं काही नाही हो. मेन स्विच बंद केला फक्त."

ती हसली. हसताना नाक ओढत होती. "तुम्ही काय केलंत ते कळलंय का तुम्हाला? दीड तास हा माणूस म्हणतोय, मला बाहेर यायचं नाही. मिस्त्री येतो, वाजवतो, म्हणतो मी आलोय, आणि निघून जातो! आतल्याला काय ठाऊक तो वर गेलाय? त्याला वाटणार, गेला. मघापासून ज्याला येऊ नको म्हणत होता, तो खरंच गेला. आता पहिल्यांदा तो घाबरणार. सात मिनिटं. पूर्ण सिनेमा त्या सात मिनिटांत आहे, काका. तिथं ती त्याला काय सांगते?"

"मला काय ठाऊक?"

"इतकी वर्षं तुम्ही दोघं हेच करत होतात ना?"

"हो. पण तेव्हा मी जिन्यात असायचो."

तिला पटकथा घ्यायची होती. त्या सात मिनिटांसकट. मी एकच विचारलं, सिनेमावर नाव कोणाचं येणार? ती सरळ बोलणारी बाई आहे. म्हणाली, त्या सात मिनिटांतलं बोलणं त्यांनी स्वतः कुठं लिहून ठेवलेलं सापडलं तर त्यांचं एकटीचं. नाहीतर मी दुसऱ्या लेखकाकडून लिहून घेईन आणि मग दोघांची नावं. "दोन महिने थांबते. शोधा तुम्ही."

त्या रविवारी मुलगी आणि मी दोन्ही जागांचा कोपरा न् कोपरा बघायला बसलो. जुन्या जागेवर एक सोय होती. अनुभवी वाचकाकडून मत मागवता येत असे. हिनं मागवलं होतं. आम्ही ते पान आधी उघडलंच नव्हतं. मत लांबलचक होतं, बहुतेक चांगलंच. शेवटी लिहिलं होतं, 'मिस्त्री आल्यावर दार लगेच उघडा. तो वर जाऊन येईपर्यंतची चार पानं काढा. प्रेक्षक तेवढा थांबणार नाही.' त्याखाली हिचं उत्तर: 'वाईट वाटतंय, पण काढते.'

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. अठ्ठ्याण्णव पानं. आकडा चुकलेला नव्हता. नव्या जागेवर तिनं चार पानं काढून पटकथा लावली होती आणि जुन्या जागेवर ती चार पानांसकट तशीच ठेवली होती. चार वर्षं ती तिथं होती. मी 'हो' दाबेपर्यंत.

"बाबा, तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"तिला ठाऊक होतं," मी म्हणालो. "मेन स्विचचं तिला ठाऊक होतं. मी तिची चूक सुधारायला गेलो."

मुलीनं त्या लोकांना मेल लिहिली. दोन दिवसांत उत्तर आलं. काढलेली प्रत परत आणता येत नाही, आपल्या दुःखात सहभागी आहोत. मी तक्रार कक्षात गेलो. हिच्या कॉम्प्युटरवर आता नवी मुलगी बसते, आतलं सगळं पुसून तिला दिलेला. फोनचं रेकॉर्डिंग नव्वद दिवस ठेवतात, मग आपोआप जातं. ही जाऊन चार महिने झालेले.

शेजारच्या टेबलवरची ऑपरेटर म्हणाली, "मिस्त्री, ती काय बोलायची ते सांगून थोडंच समजणार? मी अकरा वर्षं शेजारी बसले. दोन वेळा सारखं बोललेलं मी ऐकलं नाही. मी आपली म्हणते, घाबरू नका, श्वास घ्या. ही बाई विचारायची, घरात कोणाचा आवाज मोठा आहे? आणि तो माणूस सांगायला लागायचा!"

परत येताना मला सुचलं. ती बोलली ते ऐकणारी माणसं आहेत. मी सोडवलेली माणसं. इमारत, मजला, माणसाचं नाव, तारीख, सगळं माझ्या वहीत आहे. त्या इमारतींत माझं जाणं-येणं आहेच. काम झालं की मी दार वाजवायला लागलो. म्हणायचो, तुम्ही एकदा अडकला होतात, आठवतंय का? मी वर गेलो होतो तेव्हा फोनवरच्या बाई काय म्हणाल्या?

नवव्या मजल्यावरच्या एक निवृत्त मास्तरीणबाई म्हणाल्या, "आठवतंय म्हणजे! मला सतराचा पाढा म्हणायला लावला त्यांनी. मी शिक्षिका आहे म्हटलं तर म्हणाल्या, मग म्हणा बघू, मी चुका काढते. सतरा नवे एकशेत्रेपन्नासला तुम्ही आलात. मला राग आला होता, पूर्ण करू दिला नाहीत म्हणून."

एक सोनार म्हणाला, त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त मधून मधून 'आहे मी' म्हणायच्या. एका तरुण आईनं सांगितलं की तिचं बाळ रडत होतं, तेव्हा ह्या बाई फोनवर गुणगुणायला लागल्या, बाळ गप्प झालं आणि त्याही थोड्या वेळानं गप्प झाल्या, बाळ झोपलं असेल म्हणून. एक पाइप जोडणारा म्हणाला, "मी शिव्या देत होतो हो. म्हटलं, आला आणि पळाला तुमचा माणूस. तर म्हणाल्या, पळणारा नाही तो. लग्नाचा हॉल वरच्या मजल्यावर होता, तिथंही जिन्यानंच चढला होता, लिफ्टवर विश्वास नाही त्याचा."

हे खरं आहे. त्या हॉलची लिफ्ट मी बसवलेली नव्हती.

आजवर एकतीस जण भेटले. सगळ्यांना आठवतंय. काहींना दहा-बारा वर्षं झालीत, तरी शब्दन् शब्द आठवतो. मी एवढी वर्षं समजत होतो की माणसांना बाहेर मी काढतो. दार उघडलं की ती माणसं माझ्याकडे बघत, घाम पुसत, पण आधी वळून लिफ्टमधल्या फोनच्या जाळीकडे बघून काहीतरी म्हणत. मला वाटायचं, स्वतःशीच बोलतायत. ते तिचा निरोप घेत असत. मी किल्ली खिशात टाकून पुढच्या तक्रारीला जात असे आणि माझ्या पाठीमागं, माझ्याच कामात, हे सगळं घडत असे.

मुलगी प्रत्येकाचं बोलणं टाइप करून ठेवते. दिग्दर्शिकेला विचारलं, हे चालेल का? ती म्हणाली, शब्द त्यांचेच आहेत, तर नावही त्यांचंच. फक्त पटकथेतल्या त्या माणसाला लागू पडेल असं हवं. ते बरोबर आहे. पाढा त्याला चालणार नाही. गुणगुणणंही नाही. ज्याला बाहेर यायचंच नव्हतं, आणि मिस्त्री गेला असं वाटून जो घाबरला, असा माणूस वहीतल्या नोंदींत एखादा तरी असणार. मी एकेक इमारत करत चाललोय. पुष्कळ जण घर सोडून गेलेत, काही दार उघडत नाहीत. वहीत अजून शेकडो नावं आहेत आणि दोन महिन्यांतले सतरा दिवस उरलेत.

तसा माणूस अजून भेटलेला नाही. चार पानं लिहायची राहिली आहेत.